भातातले बुरशीनाशकांचे आणि खतांचे अंश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड-रत्नागिरीकडच्या शेतकऱ्यांचा तांदूळ आम्ही काही जण थेट घरोघरी पोचवतो. त्यामुळे प्रश्न दोन्ही बाजूंनी येतात. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून फोन येतात, दिवाळीनंतर शहरातल्या स्वयंपाकघरांतून. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पुढे ‘भात’ म्हणजे शेतातलं पीक आणि तुसासकट दाणा, ‘तांदूळ’ म्हणजे गिरणीतून आलेला. विदर्भातल्या वाचकांनी भाताऐवजी धान आणि लावणीऐवजी रोवणी वाचावं, उत्तरं तीच आहेत.

1. औषधाचा अंश म्हणजे नेमकं काय? तो वासावरून किंवा रंगावरून ओळखता येतो का?

फवारलेलं औषध ऊन-पावसाने झिजतं, झाडाच्या आतही त्याची मोडतोड होते. तरीही जे उरतं आणि दाण्यापर्यंत पोचतं, तो अंश. अवशेष हा त्याचाच कागदोपत्री शब्द. वास, रंग, चव यांवरून तो कळत नाही. नव्या तांदळाचा वास किंवा दमट तांदळाचा कुबटपणा यांचा त्याच्याशी संबंध नाही.

मोजमाप मिलिग्रॅम प्रति किलो असं असतं. 1 मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे एक टन तांदळात एक ग्रॅम. 0.01 म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम. दहा टनांचे दहा ट्रक डोळ्यांसमोर आणा आणि त्या सगळ्यांत मिळून एक चिमूट पावडर. प्रयोगशाळा इतकं बारीक पकडतात.

2. भातावर बुरशीनाशक मारावंच लागतं का?

दरवर्षी, प्रत्येक शेतात अजिबात नाही. भाताचे मुख्य बुरशीजन्य रोग तीन: करपा, पर्णकोष करपा आणि आभासमय काजळी. यांतला करपा सगळ्यांत घातक. ढगाळ हवा, रात्रीचा गारवा आणि पानांवर तासन्‌तास टिकणारं दव मिळालं की तो झपाट्याने पसरतो. पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके येतात, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी. हाच रोग लोंबीच्या मानेला लागला तर मान काळी पडते आणि लोंबी पोचट राहते. अशा वेळी फवारणीला पर्याय उरत नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मात्र ‘शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही’ ही फवारणी पिकाला काही देत नाही, दाण्यात अंश तेवढा ठेवून जाते.

3. युरिया टाकलेल्या भाताच्या तांदळात युरिया उतरतो का?

नाही. शहरातून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खाचरात टाकलेला युरिया काही दिवसांत जमिनीतल्या जिवाणूंमुळे अमोनियममध्ये बदलतो. मुळं त्यातला नत्र (नायट्रोजन) उचलतात, झाड त्यापासून हिरवं द्रव्य आणि प्रथिनं बनवतं. दाण्यात जाऊन पोचतं ते प्रथिन. गिरणीतून आलेल्या तांदळात साधारण 7 टक्के प्रथिन असतं. त्यातला नत्र शेणखतातून आला की गोणीतून, हे दाण्याकडे पाहून सांगता येणार नाही, कारण झाडाने दोन्हींचं एकच केलेलं असतं. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचंही तसंच.

पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांत मात्र जादा नत्र नायट्रेटच्या रूपात पानांत साठू शकतो. तिथली भीती लोक तांदळाला लावतात. दाण्यात तसा साठा होत नाही.

4. म्हणजे खताची काळजी करायचं कारणच नाही?

आहे, आणि मोठं आहे. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

जादा युरिया स्वतः दाण्यात बसत नाही, तो बुरशीनाशकाला बोलावून आणतो. नत्र जास्त झालं की पीक गर्द हिरवं, मऊ आणि लुसलुशीत होतं. फुटवे दाट होतात, बुंध्याशी हवा खेळत नाही, पानांवरचं दव उशिरापर्यंत सुकत नाही. करप्याला हेच हवं असतं. मग एक फवारणी, पंधरा दिवसांनी दुसरी, आणि लोंब्या बाहेर पडल्यावर घाबरून तिसरी. तांदळात जो अंश सापडतो तो या तिसऱ्या फवारणीचा, पण त्याची सुरुवात दोन महिने आधी फेकलेल्या जादा गोणीपासून झालेली असते. म्हणून तांदळात बुरशीनाशक किती उतरेल असं कोणी विचारलं की आम्ही आधी विचारतो, युरिया किती टाकलात आणि किती हप्त्यांत?

सुधारित जातींसाठी आपल्याकडची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश अशी आहे. नत्र एकदम द्यायचं नसतं, लावणीला, फुटव्यांच्या वेळी आणि लोंबी धरताना असं विभागून द्यायचं असतं. उंच वाढणाऱ्या गावठी जातींना इतकं नत्र सोसतही नाही, त्या लोळतात.

दुसरा तोटा पाण्याचा. खाचरात फेकलेल्या युरियातला बराचसा नत्र पिकाला मिळतच नाही. काही हवेत उडतो, काही पावसाबरोबर वाहून जातो, आणि हलक्या जमिनीत नायट्रेट होऊन खाली झिरपतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्यावर गेलेलं पाणी तान्ह्या बाळांना धोक्याचं असतं, त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. शेतालगत विहीर असेल तर तांदळाआधी तिचं पाणी तपासून घ्या.

5. युरिया कमी करून उत्पन्न राखता येतं का?

येतं. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत त्यासाठीच आहे. भाताचा पेंढा किंवा तुसाची राख यांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर लावणी आणि युरिया आणि डीएपी खतांच्या ब्रिकेट म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, ही ती चार सूत्रं. लावणी झाली की त्याच दिवशी चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. नत्र चिखलात मुळांजवळ राहतं आणि हळूहळू सुटतं, वाहून जात नाही.

राखेचा फायदा आणखी वेगळा. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. ती पानाची साल टणक करते आणि करप्याच्या बुरशीला आत शिरायला जड जातं. आपल्याकडे गिरणीबाहेर तुसाचे ढीग पडून असतात आणि आपण पैसे देऊन औषधाच्या पुड्या आणतो, याचं वाईट वाटतं. गोळ्या खोचताना कंबर मोडते हे खरं आहे, मजूर कुरकुरतात. पण गोळी एकदाच द्यायची असते.

6. शेवटची फवारणी आणि कापणी यांत किती दिवस हवेत?

प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व कालावधी वेगळा असतो आणि तो डब्यासोबतच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. करप्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ट्रायसायक्लॅझोल 75 टक्के पावडरीसाठी तो 30 दिवस आहे.

आता हिशेब करा. लोंब्या बाहेर पडल्यापासून कापणीपर्यंत साधारण महिना जातो. म्हणजे मानेच्या करप्यासाठी मारायचं तर पीक पोटरीत असताना (लोंबी अजून पानाच्या कोषात असताना) किंवा निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला, लागताच मारावं लागतं. दाणा दुधात आल्यावर मारलं तर तीस दिवस उरतच नाहीत. शिवाय मान एकदा काळी पडली की औषधाने ती पुन्हा हिरवी होत नाही, म्हणजे त्या उशिराच्या फवारणीने दाणाही वाचत नाही. हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या, जातींत हे सगळं आणखी घाईचं होतं. निसवल्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आमच्या ओळखीची बरीच घरं आता तसं करतात.

7. एका पंपाला औषध किती? दुकानदार म्हणतो एक झाकण टाका.

झाकण हे माप नाही. पावडर दाबून भरली तर वजन वेगळं, सैल भरली तर वेगळं, आणि प्रत्येक डब्याचं झाकणही वेगळं.

ट्रायसायक्लॅझोल 75 टक्क्यांचं प्रमाण हेक्टरी 300 ते 400 ग्रॅम, 500 लिटर पाण्यातून. कोकणात हेक्टराचा हिशेब कोणाच्या उपयोगाचा नाही, म्हणून गुंठ्यात सांगतो: गुंठ्याला 3 ते 4 ग्रॅम, पाच लिटर पाणी. पंधरा लिटरच्या पंपात तीन गुंठे होतात, म्हणजे पंपाला 9 ते 12 ग्रॅम. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा फार महाग नसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पुड्या घरीच, कोरड्या हातमोज्यांनी बांधून शेतावर न्या. वाऱ्यात बांधावर बसून वजन करू नका. पुडीवर औषधाचं नाव लिहा आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

8. औषध मारूनही करपा हटत नाही. डोस वाढवू का?

आधी तो करपाच आहे का ते पाहा. एका सप्टेंबरमध्ये आमच्याच खाचरात पानं कडेने वाळायला लागली. वडील पान घेऊन दुकानात गेले, दुकानदाराने ते उलटसुलट केलं, ‘करपा’ म्हणाला आणि पुडी दिली. पहिल्याने फरक पडला नाही, म्हणून त्यांनी आठवड्याने पुन्हा मारलं, थोडं वाढवून. नंतर एका जाणत्या कृषी सहायकांनी घरातला काचेचा पेला मागवला. स्वच्छ पाणी भरलं, रोगट पानाचा तुकडा कापून त्याचं टोक पाण्यात धरलं. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागा खाली उतरायला लागला. ते जिवाणू होते. रोग कडा करपा होता आणि तो जिवाणूंमुळे होतो, बुरशीनाशकाचा त्याला काही उपयोग नसतो. वडील बराच वेळ त्या पेल्याकडे पाहत होते. त्या वर्षीचा तांदूळ आम्ही विकला नाही.

कडा करप्यात पान टोकाकडून, कडेने, नागमोडी रेषेत पिवळं पडून वाळतं. डोळ्यासारखे ठिपके दिसत नाहीत. नत्राचा पुढचा हप्ता थांबवणं, खाचरातलं पाणी काढणं आणि पुढच्या वर्षी प्रतिकारक जात घेणं हे त्याचे खरे उपाय. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर गंजासारखे ठिपके येऊन वाढ खुंटली असेल तर ती जस्ताची कमतरताही असू शकते. तिथेही बुरशीनाशक वाया जातं.

9. तांदूळ धुऊन आणि शिजवून औषध निघून जातं का?

कमी होतं, शून्य होत नाही. दाण्यावर लागलेला कोंडा आणि त्यासोबतचा अंश धुण्याने जातो, म्हणून पाणी नितळ होईपर्यंत दोन-तीनदा धुवा. आंतरप्रवाही औषधं झाडाच्या आतून दाण्यात जातात, त्यांच्यावर धुण्याचा परिणाम मर्यादित. भरपूर पाण्यात शिजवून वेळलेल्या भातात कुकरच्या भातापेक्षा अंश कमी राहतो, कारण काही भाग पाण्याबरोबर जातो. पण त्या पाण्यात जीवनसत्त्वंही जातात, आणि तीच पेज आपण पीत असू तर काहीच गेलेलं नसतं.

10. हातसडीच्या तांदळात अंश जास्त असतो, हे खरं का?

फवारलेल्या पिकाचा असेल तर हो. अंश सर्वांत जास्त तुसात, त्याखालोखाल कोंड्यात आणि सर्वांत कमी पांढऱ्या दाण्यात असतो. पॉलिश करताना कोंड्याबरोबर तो बराचसा निघून जातो, हातसडीत कोंडा राहतो. म्हणून हातसडी सोडा असं मात्र आम्ही म्हणणार नाही. हातसडीचा तांदूळ ओळखीच्या शेतातून घ्या आणि फवारणी केव्हा, कशाची झाली ते विचारा. उकड्या तांदळाचं उत्तर इतकं सरळ नाही: भात तुसासकट भिजवून उकडताना कोंड्यातली जीवनसत्त्वं आत सरकतात, आणि पाण्यात विरघळणारा अंशही सरकू शकतो.

11. युरोपने भारतीय तांदूळ परत पाठवला असं वाचतो. मग आपण विष खातो आहोत का?

युरोपीय संघाने ट्रायसायक्लॅझोलची तांदळातली मर्यादा 1 वरून 0.01 मिलिग्रॅमवर आणली आणि ती 2018 च्या सुरुवातीपासून जाणवू लागली. 0.01 ही त्यांची सर्वसाधारण तळरेषा आहे. ज्या औषधाला तिथे परवानगी नाही किंवा ज्याची माहिती त्यांना पुरेशी वाटत नाही, त्याला ती लागते. आपल्या देशातली मर्यादा हिच्या कित्येक पट वर आहे.

कमाल मर्यादा ही ‘याच्या पुढे विष’ अशी रेघ नसते. औषध शिफारशीनुसार वापरलं तर पिकात जास्तीत जास्त किती सापडेल, त्यावरून ती ठरते, आणि तेवढं रोज खाल्लं तरी सुरक्षित पातळी ओलांडत नाही ना, हे वेगळं तपासलं जातं. म्हणून 0.03 चा तांदूळ युरोपात नाकारला जाऊन इथे नियमात बसू शकतो. आपल्या देशातली मर्यादा ओलांडली तर मात्र औषध चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या प्रमाणात मारलं गेलं असावं, असं समजावं.

याचा पहिला फटका पंजाब-हरियाणाच्या बासमतीला बसला. पंजाबने ऑगस्ट 2022 मध्ये बासमतीवर दहा औषधांची विक्री 60 दिवसांसाठी थांबवली, त्यांत ट्रायसायक्लॅझोल, कार्बेन्डाझिम, प्रोपिकोनॅझोल आणि आयसोप्रोथिओलेन ही बुरशीनाशकं होती. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 2021 मध्ये करपा आणि कडा करपा दोन्ही सोसणाऱ्या पुसा बासमती 1847, 1885 आणि 1886 या जाती दिल्या. आम्हाला यातली दुसरी वाट जास्त पटते. फ्रँकफर्टच्या मराठी घरांत जाणारा बासमती आता या चाळणीतून जातो. आपल्या कोलम किंवा इंद्रायणीसाठी इथे तेवढी चाळणी कोणी लावत नाही, आणि ती लागावी अशी आमची मागणी आहे.

12. खतातून कॅडमियम आणि आर्सेनिक तांदळात येतं का?

कॅडमियम काही प्रमाणात येऊ शकतं. स्फुरदयुक्त खतं ज्या खडकापासून बनतात त्यात ते कमी-जास्त असतं आणि वर्षानुवर्षं टाकत राहिल्यास जमिनीत साठतं. पांढऱ्या तांदळासाठी कोडेक्सची (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेची) मर्यादा 0.4 मिलिग्रॅम प्रति किलो आहे. जपानमध्ये तोयामा भागात जिन्झू नदीच्या पाण्यावर पिकलेल्या भाताने लोकांची हाडं ठिसूळ झाली, ते कॅडमियममुळेच. पण ते आलं होतं वरच्या अंगाच्या खाणीतून. खताचा आणि त्या दुर्घटनेचा संबंध जोडू नये.

आर्सेनिक मुख्यतः भूजलातून येतं, बंगाल आणि बांगलादेशात हा मोठा प्रश्न आहे. अकार्बनी आर्सेनिकची पांढऱ्या तांदळासाठी मर्यादा 0.2 आहे. अडचण अशी की साचलेल्या पाण्यात भात आर्सेनिक जास्त उचलतो, आणि खाचर सुकवलं की कॅडमियम जास्त. त्यामुळे पाणी धरण्याचा किंवा सोडण्याचा सल्ला जमिनीची तपासणी केल्याशिवाय देता येत नाही.

13. फवारलेल्या भाताचा पेंढा गुरांना घालावा का?

काढणीपूर्व कालावधी पाळला असेल तर घालावा. पेंढ्यात दाण्यापेक्षा अंश जास्त राहतो, कारण फवारा पानांवरच बसतो. प्रश्न 6 मधले दिवस पाळले नसतील तर तो पेंढा दुभत्या आणि गाभण जनावरांपासून दूर ठेवा आणि खतात घाला. बांधावरचं ओलं गवत लोक विसरतात. फवारणीच्या दिवशी कापलेला भारा तसाच गोठ्यात जातो आणि धोका तिथे जास्त असतो.

14. खाचरातल्या माशांचं आणि खेकड्यांचं काय?

चढणीचे मासे आणि खेकडे ही आपल्या पावसाळ्यातली चैन आहे. अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिनसारखी स्ट्रोबिल्युरिन गटातली बुरशीनाशकं पाण्यातल्या जिवांना फार विषारी असतात. फवारणीनंतर खाचराचं पाणी निदान काही दिवस तोंड बांधून आत ठेवा, ओढ्याला सोडू नका. पंप ओढ्यात धुऊ नका. फवारलेल्या खाचरातले खेकडे त्या हंगामात धरू नका.

15. बीजप्रक्रिया केलेलं, म्हणजे पेरणीआधी औषध लावलेलं, बियाणं उरलं आहे. धुऊन, सुकवून दळलं तर चालेल का?

नाही. कोंबड्यांनाही घालू नका.

1971-72 मध्ये इराकमध्ये पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेलं गव्हाचं आणि सातूचं बियाणं लोकांनी दळून भाकऱ्या केल्या. दाण्यांना लाल-गुलाबी रंग दिलेला होता. लोकांनी तो धुतला आणि रंग गेला म्हणजे विष गेलं असं समजले. पोत्यांवरचा इशारा त्यांना न वाचता येणाऱ्या भाषांत होता. सरकारी नोंदीप्रमाणे 6,530 माणसं रुग्णालयात गेली आणि 459 दगावली. आज आपल्याकडे मिळणारं थायरम किंवा कार्बेन्डाझिम पाऱ्याचं नाही, पण रंग धुतला म्हणजे औषध गेलं ही समजूत अजून तशीच ऐकू येते.

लागेल तेवढ्याच बियाण्याला औषध लावा. आधी 3 टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटरला 300 ग्रॅम मीठ, बियाणं बुडवून पोचट दाणे काढून टाका. मग स्वच्छ धुऊन, सावलीत सुकवून औषध चोळा. बियाण्याला लावलेलं औषध चार महिन्यांनी येणाऱ्या दाण्यात सापडण्याइतकं उरत नाही, त्यामुळे पेरण्याला हरकत नाही.

16. तपासणी कुठे आणि कशी करायची?

एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा. तिची मान्यता ‘तांदळातले कीडनाशक अवशेष’ यासाठी आहे का, आणि तुम्ही मारलेलं औषध तिच्या यादीत आहे का, हे आधी लेखी विचारा. यादीत नसलेलं औषध अहवालात ‘आढळले नाही’ असं येत नाही, त्याचा उल्लेखच नसतो, आणि लोक तो अहवाल स्वच्छ समजतात. नमुना एका पोत्यातून घेऊ नका. प्रत्येक पोत्याच्या वर, मध्ये आणि खालून मूठ-मूठ घेऊन एकत्र मिसळा आणि त्यातून किलोभर पाठवा.

17. मी कधीच न मारलेलं औषध माझ्या अहवालात आलं. असं कसं?

हा प्रश्न दुखावून विचारलेला असतो, विशेषतः सेंद्रिय शेतकऱ्यांकडून. दरवेळी कोणी खोटं बोलत असतं असं नाही.

काही औषधं मोडून दुसरी तयार होतात. थायोफॅनेट-मिथाइल मारलं तर अहवालात कार्बेन्डाझिम येतं. अ‍ॅसिफेट मारलं तर मेथॅमिडोफॉस दिसतं. मॅन्कोझेब, झायनेब, थायरम ही मंडळी बऱ्याचदा एकत्रच, कार्बन डायसल्फाइडच्या रूपात मोजली जातात, त्यामुळे अहवालावरून नेमकं कोणतं ते कळत नाही.

औषध मारलंच नसेल तर या क्रमाने शोधा. उसना आणलेला पंप. शेजारच्या खाचरातून वाऱ्याने आलेला फवारा आणि वरच्या खाचराचं पाणी. गिरणी, जिथे तुमच्या आधी दुसऱ्याचा भात भरडला गेला. जुनी पोती. आणि ‘शंभर टक्के सेंद्रिय टॉनिक’ म्हणून घेतलेली बाटली, कारण अशा काही बाटल्यांत रासायनिक औषध मिसळलेलं सापडलेलं आहे. बाटली अजून घरात असेल तर फेकू नका, झाकण घट्ट लावून, बिलासकट ठेवा आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. बिल दिलं नसेल तर पुढच्या वेळी ते मागून घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.